माळीबुवांचा हिशेब

आमच्या भद्रावतीस कोणी पाहुणा आला म्हणजे त्यास काय काय दाखवावयाचे, ह्याचा क्रम आमच्या घरी ठरून गेलेला आहे. प्रथम भद्रनागाचे दर्शन, मग जैनांचे पार्श्वनाथ मंदिर, दुपार उतरल्यावर विजासन टेकडीतील बौद्ध लेणी, आणि वेळ उरल्यास गवराळ्याचा वरदविनायक व तळ्यातील जुना दगडी पूल. गावाचे नाव आता सर्वत्र भद्रावती असे लिहितात; परंतु जुनी माणसे अजून भांदक म्हणतात, आणि रेल्वेच्या स्थानकानेही तेच नाव जतन केले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाच्या तोंडाशी वसलेल्या ह्या लहानशा गावात इतक्या धर्मांची इतकी प्राचीन स्थाने एकत्र नांदत आहेत, हे पाहून पाहुणे आश्चर्य करितात, आणि आम्हीही थोडासा अभिमान मिरवून घेतो.

परंतु ह्या सर्व ठिकाणी ज्याच्या हातची फुले वर्षानुवर्षे चढत होती, तो मनुष्य आम्ही कोणासही कधी दाखविला नाही. सारे गाव त्यांस माळीबुवा म्हणे. सन २०२२ च्या मार्गशीर्षात ते गेले. त्यांच्या जन्माची नोंद कोठे नव्हती. १९४२ च्या ऑगस्टात चिमूरला जे रण पेटले त्याची वार्ता भांदकास आली, तेव्हा आपण गाई राखण्याजोगे होतो, एवढेच ते सांगत. त्यावरून आम्ही हिशेब करून त्यांचे वय त्र्याण्णवाच्या आसपास ठरविले होते. हिशेब करणे हा आमचा जन्माचा धंदा. अडतीस वर्षे आम्ही मुलांस गणित आणि मराठी शिकविले. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत तेवढे वडिलांपाशी बसून केले. हिशेबाचा आम्हांस अभिमान होता, आणि त्याच अभिमानापायी माळीबुवांच्या संबंधाने आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे. परंतु आधी त्यांची ओळख करून देणे योग्य होईल.

माळीबुवांची वाडी गावाबाहेर तळ्याच्या अंगास होती. वाडी म्हणजे फार मोठी नव्हे. एक विहीर, तिच्याभोवती जास्वंद, तगर, कण्हेर व मोगरा ह्यांच्या रांगा, बांधावर पांढरा चाफा, आणि दाराशी एक पारिजातक. दसऱ्यासाठी झेंडू आणि दिवाळीनंतर शेवंती ही पिके वेगळी. पहाटे चारास कंदील घेऊन ते खुडावयास निघत. जास्वंद उमलण्याच्या बेतात असतानाच खुडली पाहिजे, मोगऱ्याची कळी मिटलेली असतानाच घेतली पाहिजे, आणि पारिजातक मात्र झाडावरून न तोडता खाली आंथरलेल्या धोतरावर पडेल तेवढाच वेचावयाचा. कारण भुईवर पडलेले फूल देवास वर्ज्य असले तरी पारिजातकास ती सूट आहे. आमच्या इकडचा उन्हाळा वाचकांपैकी ज्यांनी अनुभविला असेल त्यांस ठाऊकच आहे. वैशाखात सूर्य वर आला की तासाभरात फूल काळवंडते. म्हणून ते ओल्या गोणपाटाखाली टोपली झाकून सातच्या आत सारे गाव फिरून येत.

घरोघरचा पुडा पळसाच्या पानात बांधलेला असे. पुढे बाजारात प्लॅस्टिकच्या पन्न्या आल्या, तेव्हा इतर विक्रेत्यांनी त्या घेतल्या. माळीबुवांनी पळसपान सोडिले नाही. त्यांचे म्हणणे असे, की पानात फूल श्वास घेते, पन्नीत ते घामेजते. २०१८ साली सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा आम्ही थट्टेने म्हटले, "माळीबुवा, सरकार शेवटी तुमच्या मताचे झाले." ते हसून म्हणाले, "गुरुजी, पळसाले मालूम होतं. सरकारले उशीर झाला."

कोणत्या देवास काय चालते आणि काय चालत नाही, ह्यात त्यांची चूक कधी आढळली नाही. गणपतीस तुळस नको, देवीस दुर्वा नकोत, शंकरास केवडा नको, शनिवारी मारुतीस रुईची माळ हवी, हे तर आमच्यासारख्यांच्या घरी मुलेही जाणतात. पण जैन मंदिरात द्यावयाचा हार सुईने न टोचता केवळ गाठीने गुंफला पाहिजे, आणि फुलात किडामुंगी नाही हे एकेक पाकळी पाहून ठरविले पाहिजे, हे आम्हांस त्यांच्याकडूनच समजले. बुद्धपौर्णिमेस विजासनला जाणाऱ्यांसाठी ते पांढरी फुले निराळी काढून ठेवीत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास डॉक्टर आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, त्या वेळी गावातून पायी आणि खाचरांतून माणसे निघाली होती. आपण त्यांस वाटेवर टोपलीभर फुले दिली, असे ते सांगत. त्यांस कोणी विचारी, की बुवा, तुम्ही माळकरी, तुळशीची माळ गळ्यात, आणि साऱ्यांनाच फुले देता हे कसे? त्यावर त्यांचे उत्तर एकच : "फुलाले मी इचारलं नाही, की तुले कोणाकडं जाचं हाय."

सायंकाळी ते भजनात असत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्या भागात गावोगाव पोहोचलेली आहे, आणि सामुदायिक प्रार्थनेचा परिपाठ पुष्कळ गावांतून आजही चालतो. त्या प्रार्थनेस माळीबुवा कधी चुकले नाहीत. पंढरपूर मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिले. संत सावता माळी सोलापूर जिल्ह्यातील अरण गावी मळ्यातच विठ्ठल पाहत राहिले, आणि आजही पंढरीच्या देवाची पालखी अरणास त्यांच्या भेटीस जाते, ही हकीकत ते मोठ्या कौतुकाने सांगत. पण स्वतःस त्या मापाने मोजीत नसत. "सावतोबांचा मळा मोठा, आपली वाडी लहान. आपल्याकडं देव येईन तं बसवाव कुठं?" असे म्हणून विषय संपवीत.

आता त्यांच्या घराविषयी. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस ह्यातील काही गोष्टी विचार करण्याजोग्या वाटतील. माळीबुवा तिघा भावांत वडील. एका चुलीवर चौदा माणसे जेवीत. फुलांचा सर्व पैसा एका पत्र्याच्या डब्यात पडे, आणि तो डबा दर अमावास्येस सर्वांच्या देखत उघडला जाई. लहान पोरेही भोवती बसून नाणी मोजीत. किती आले, किती गेले, कोणाच्या औषधाला किती लागले, हे घरात सर्वांस ठाऊक असे. परंतु एक पैसा ह्या डब्यात पडत नसे. हार गुंफण्याची जी मजुरी, ती घरातील बायकांची. खुडणे आणि विकणे पुरुषांचे, गुंफणे बायकांचे. तेव्हा गुंफणावळ ज्या हातांनी गुंफले त्या हातांत, असा त्यांनी आपल्या आईच्या हयातीतच नियम घातला होता. आमच्यासारख्या शिकलेल्या घरांतून सुनेच्या हाती तिचा स्वतःचा म्हणून एक रुपया नसे, त्या काळातील ही गोष्ट आहे. आम्ही ती प्रथम ऐकली तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी आम्ही विसरलो नाही.

पुढे गावात आयुध निर्माणी आली, आसपास कोळशाच्या खाणी निघाल्या, आणि धाकटा भाऊ नोकरीस लागून वेगळा होऊ म्हणाला. चार लोकांस बोलवावे, दोर टाकून वाडी मोजावी, असा त्याचा आग्रह. माळीबुवा म्हणाले, जमीन मोजता येईल, विहीर कशी मोजावी? त्यांनी तंटा केला नाही. वाडी तशीच ठेवून तिच्या उत्पन्नाचे वार वाटून दिले; दोन दिवस धाकट्याचे. खुडण्यास तो येत नसे, तरी त्याच्या वाराचा पैसा त्यास पोहोचे. एक-दोन वर्षांनी दसऱ्याच्या गर्दीत धाकट्याची बायको आपण होऊन हार गुंफावयास येऊन बसली, आणि तेव्हापासून वेगळेपण केवळ चुलीपुरते राहिले.

आमच्या घरी माळीबुवांचा पुडा आमच्या आजोबांच्या काळापासून येत असे. प्रथम त्यांचे वडील आणीत, मग ते. वडील त्यांस 'अरे' म्हणत. आम्ही वयाने लहान, म्हणून 'तुम्ही' म्हणत आलो. ते मात्र ओट्याच्या वर कधी आले नाहीत, आणि आम्हीही कधी या म्हटले नाही. पुडा कट्ट्यावर ठेवून ते "फुलं" एवढेच म्हणत, की घरातून कोणी तरी "आले" म्हणे. हा संवाद आम्ही जन्मापासून ऐकत होतो, आणि त्यात काही उणे आहे असे आम्हांस वाटलेही नव्हते.

सन १९९४ च्या जानेवारीत आमचे वडील वारले. सुतकात घरची देवपूजा आपल्या हातून होत नाही, म्हणून शेजारच्या गृहस्थांनी, जे वडिलांचे स्नेही होते, आमचा देव्हारा आपल्या घरी नेऊन ठेविला. तेरावे उरकेपर्यंत तेच पूजा करीत होते. आम्ही अस्थी घेऊन नाशिकास जाऊन आलो. घर पाहुण्यांनी भरलेले. मन ठिकाणावर नव्हते. तेराव्यानंतर देव घरी आले, आणि महिनाअखेर माळीबुवा हिशेबास आले. त्या वेळी पुड्याचा दर दिवसास एक रुपया होता. ते म्हणाले, "एकतीस."

आम्ही भिंतीवरील दिनदर्शिका काढून त्यांच्यापुढे धरली. पुडा न आल्याच्या दिवशी खूण करण्याची आमची शिस्त होती, आणि तेरा दिवसांवर आम्ही तांबड्या शाईने फुल्या मारून ठेविल्या होत्या. "तेरा दिवस घरात पूजा नव्हती, पुडाही नव्हता. अठरा होतात," असे आम्ही म्हणालो. माळीबुवांनी त्या फुल्यांकडे पाहिले, मग आमच्या मुंडण केलेल्या मस्तकाकडे पाहिले. "बरं, गुरुजी," एवढेच म्हणून त्यांनी अठरा रुपये घेतले आणि निघून गेले.

येथेच गोष्ट संपती तर फारसे बिघडते ना. परंतु आम्हांस आपल्या दक्षतेचे मोठे भूषण वाटले. त्या वर्षी सातवीस त्रैराशिक शिकविताना आम्ही उदाहरण घातले : एक गृहस्थ रोज एक रुपयाची फुले घेतो, तेरा दिवस त्याने घेतली नाहीत, तरी माळी महिन्याचे एकतीस मागतो, तर त्यास किती द्यावे, आणि माळ्याचा लबाडीचा नफा शेकडा किती? मुले हसली. आम्हीही हसलो. हे उदाहरण आम्ही पुढील तीन-चार वर्षे घालीत होतो.

सन २००० मध्ये एके सायंकाळी ते शेजारचे वृद्ध गृहस्थ आमच्या ओट्यावर बसले असता वडिलांच्या आठवणी निघाल्या. बोलता बोलता ते म्हणाले, "तुमचे देव माझ्याकडे होते तेव्हा माळीबुवा रोज न चुकता तुमचा पुडा माझ्याकडे टाकी. मी पैसे देऊ केले तर घेईना. म्हणाला, हा पुडा गुरुजींच्या देवाचा आहे, त्याचा हिशेब त्यांच्याशी." हे ते अगदी सहज, माळीबुवांच्या नेमाचे कौतुक म्हणून सांगत होते. आमच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल ते अंधारामुळे त्यांस दिसले नाही, हे बरे झाले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तेरा रुपयांचे काय मोठे! पण ज्या माणसाने आमच्या पितृशोकाच्या दिवसांत आमच्या देवांस एक दिवसही फुलावाचून राहू दिले नाही, त्यास आम्ही भर वर्गात लबाड म्हटले होते; तेही एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. आणि पहाटे आणखी एक गोष्ट ध्यानात येऊन अंगास घाम सुटला. १९९४ च्या त्या सातवीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, माळीबुवांचा नातू बसत असे.

सकाळीच आम्ही वाडीवर गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या दारात आमचे ते पहिलेच पाऊल. माळीबुवा विहिरीच्या काठी टोपली धूत होते. नातू, आता अठरा वर्षांचा झालेला, ओसरीत हार गुंफीत होता. आम्ही तेरा रुपये पुढे केले आणि जे सांगावयाचे ते सांगितले. वर्गातील उदाहरणही सांगितले. मुलगा मान खाली घालून गुंफीत राहिला. तेव्हाच आम्ही ओळखले, की घरी ही गोष्ट त्याच दिवशी पोहोचली होती.

आम्ही विचारले, "माळीबुवा, तुम्ही त्याच वेळी का बोलला नाहीत?"

ते म्हणाले, "मरणाच्या घरी कोणी हिसाब काढते काय, गुरुजी? अन् तुम्ही कागदावर लिवलं होतं. शिकल्या माणसानं लिवलेलं खोटं कसं म्हणाव?"

आम्ही शंभराची एक नोट काढली. सहा वर्षांचे व्याज म्हणा, प्रायश्चित्त म्हणा. ती त्यांनी हातानेच मागे सारली. तेरा रुपये मात्र घेतले, कपाळास लावले, आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. मग नातवास म्हणाले, "पाह्य रे, गुरुजी बाकी द्याले आले. बाकी होती, आता फिटली." मुलाने प्रथमच वर पाहिले. त्यानंतर त्यांनी आम्हांस ओसरीवर बसविले, आणि सुनेने चहा आणला. तो आम्ही घेतला. दुसऱ्या दिवशी पुडा आला तेव्हा आम्ही स्वतः दारात उभे राहून त्यांस आत या म्हटले. पुढील सोमवारी वर्गात ते उदाहरण आम्ही फळ्यावर पुन्हा लिहिले, आणि ते कसे चुकले हे मुलांस सांगितले. गणित बरोबर होते. गृहीत चुकीचे होते. आमच्या समजुतीप्रमाणे अडतीस वर्षांतील तो आमचा सर्वांत उपयुक्त पाठ होय.

भागवताच्या दशम स्कंधात एक्केचाळिसाव्या अध्यायात सुदामा नावाच्या मालाकाराची कथा आहे. कृष्ण आणि बलराम मथुरेत शिरतात, तेव्हा तो त्यांस आसन देऊन सुगंधी फुलांच्या माळा अर्पण करतो. वर माग म्हटल्यावर तो तीनच गोष्टी मागतो : देवाच्या ठिकाणी अढळ भक्ती, त्याच्या भक्तांशी मैत्री, आणि सर्व प्राण्यांविषयी दया. न मागता त्यास दीर्घायुष्य आणि वंशात वाढत जाणारी लक्ष्मीही मिळते. हा प्रसंग आम्ही लहानपणी वडिलांपाशी वाचला होता. अर्थ मात्र पुष्कळ उशिरा कळला. महाभारतात विदुरही धृतराष्ट्रास सांगतो, की राजाने माळ्यासारखे वागावे, फूल फूल खुडावे, मूळ तोडू नये. लाकडे जाळून कोळसा करणाऱ्यासारखे वागू नये. आमच्या ह्या कोळशाच्या मुलखात तो श्लोक शिकविताना आम्हांस नेहमी माळीबुवांची वाडी आठवे. आणि ज्या महात्मा जोतीरावांचे मूळ आडनाव गोऱ्हे असून घराण्याच्या फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले, त्यांच्या चरित्राचा धडा शिकविताना आम्ही १९९४ पूर्वी केवळ सन-सनावळी सांगत असू; नंतर तसे करवले नाही.

सन २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. देवळे बंद, लग्ने बंद, बाजार बंद. नव्वदी उलटलेले माळीबुवा तरीही पहाटे उठून खुडीतच होते. नातवाने विचारले, घेणार कोण? ते म्हणाले, "झाडाले काय मालूम टाळेबंदी? त्याचं काम फुलाचं, ते फुलते. आपलं काम खुडाचं, आपण खुडाव. नाही खुडलं तं झाड रुसते." खुडलेली फुले विहिरीच्या थाळ्यात पसरीत, आणि सुकली की खत होत. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या पाडव्यास देवळे उघडली, तेव्हा भद्रनागास पहिला हार त्यांच्याच वाडीचा होता.

अखेरच्या दिवसांत ते अंथरुणास खिळले नाहीत. आदल्या सायंकाळी प्रार्थनेस बसले, रात्री थोडा दूधभात घेतला, पहाटे चारास नातू उठवावयास गेला तो ते शांत झालेले. वाडीतील सारी फुले त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेली. पार्श्वनाथाच्या देवळातली माणसे, विजासनची माणसे, भजनी मंडळ, आमच्या आळीतले ब्राह्मण, सर्व एका वाटेने चालत होते. गावात अशी यात्रा आम्ही दुसरी पाहिली नाही.

त्यानंतर तेरा दिवस आमच्याकडे पुडा आला नाही, आणि आम्हीही दुसऱ्याकडून फुले घेतली नाहीत. अंगणातील तुळशीच्या पानांवर पूजा केली. चौदाव्या दिवशी नातू पळसपानात पुडा घेऊन आला. तो आता आत येऊन देव्हाऱ्यापाशीच ठेवतो. महिनाअखेर आम्ही त्याच्या हाती तीनशे दहा रुपये दिले. आता दर दिवसास दहा रुपये आहे. त्याने ते मोजले, आणि एकशे तीस रुपये बाजूला काढून आमच्यापुढे ठेविले.

आम्ही म्हटले, "अरे, राहू दे."

तो म्हणाला, "नाही गुरुजी. तेरा दिवस पुडा नव्हता. बाबाजीनं असंच शिकवलं."

आम्ही ते पैसे घेतले.